दुसऱ्या बाजूचा नंबर

रेकॉर्डच्या दुकानामागच्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळे तारीखबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. सोल नावाच्या जुन्या अमेरिकी संगीताच्या रेकॉर्डी जमवणारे लोक त्यांच्याकडे येत, टेबलावर पिशवी ठेवत आणि निकाल ऐकायला आल्यासारखे गप्प उभे राहत. तारीखबाई चष्मा कपाळावर सरकवत, भिंग डोळ्याला लावत, रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरत आणि सांगत, की ही पहिल्या खेपेची आहे की नंतर केव्हातरी पुन्हा काढलेली, म्हणजे संग्राहकांच्या भाषेत रीइश्यू. पहिल्या खेपेची निघाली तर समोरच्याचा आनंद गगनात मावत नसे. रीइश्यू निघाली तर तोच माणूस ती पिशवीत कोंबून मान खाली घालून चालू लागे. गाणी तीच, गाणारे तेच, पण नाही. संग्राहक ही जमातच तऱ्हेवाईक.

साल ओळखायच्या बाईंच्या रीती सरळ होत्या. कव्हरचा पुठ्ठा जाड की पातळ, तो कडेला कसा दुमडलाय, लेबलावर कंपनीचा पत्ता जुना आहे की नवा, हे सगळं त्या बघत, पण त्यावर विसंबत नसत. कारण कारखान्यात काहीच फुकट जात नाही. उरलेली जुनी लेबलं आणि जुनी कव्हरं नव्या मालावर चढवून संपवून टाकतात. खरं बोलतो तो एक नंबर. गाणं संपल्यावर लेबलाच्या आधी जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्यावर साचा करणाऱ्या कारागिरानं तो बारीक टोचणीनं कोरलेला असतो. तो वाचण्यात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं.

रेकॉर्ड त्या वाजवत मात्र नसत. पुढे दुकानात धाकटा भाऊ दिवसभर काही ना काही लावून बसे, आणि बाई मधलं दार घट्ट ओढून घेत. "गाणं ऐकलं की माणूस हळवा होतो, आणि हळव्या माणसाला साल दिसत नाही," असं त्यांचं म्हणणं. भाऊ ह्यावर मान डोलावून पुढची रेकॉर्ड लावी. ताईशी वाद घालून तो कधी जिंकला नव्हता, आणि आता त्याचे केसही पिकले होते.

त्या गुरुवारी एक दाताचे डॉक्टर आले, आणि बरोबर त्यांच्या आई. आईंनी लांब कोट घातला होता, ओठांना रंग लावला होता, आणि त्या घरूनच भांडून निघाल्या होत्या हे कोणालाही दिसलं असतं.

"बसा आजी," तारीखबाई म्हणाल्या.

"आजी मी माझ्या नातवंडांची. तुमचं माझं अजून तसं काही ठरलेलं नाही."

"मग मावशी बसा."

"हं. हे चालेल."

डॉक्टरांनी रेकॉर्ड टेबलावर ठेवली. कव्हरवर एक बंद तपकिरी दार होतं. सात जणांचा सोल बँड, एकच अल्बम काढून फुटलेला. तारीखबाईंनी कव्हर बघूनच भुवया उंचावल्या. अशी रेकॉर्ड वर्षातून एखादवेळी हाताखालून जायची.

"लिलावात घेतली," डॉक्टर म्हणाले. "आईच्या वाढदिवसाला. ती तरुणपणी गायची. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं आपण गायलंय, असं ती आम्हाला लहानपणापासून सांगत आलीय. तिची स्वतःची रेकॉर्ड भाड्याची घरं बदलताना कुठे गेली कोण जाणे. म्हटलं, शोधून देऊ. वाढदिवसाला सगळं घर जमलं, रेकॉर्ड लावली, आणि..."

"आणि दुसरीच बाई गात होती," आई म्हणाल्या. "थांबलास का? सांग की पुढे."

पुढचं सांगायला डॉक्टर तारीखबाईंच्या जवळ सरकले आणि आवाज उतरवला. आई भिंतीवरची कव्हरं बघत पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"हल्ली तिच्या डोक्यात सरमिसळ होते. गॅस चालू राहतो. विचारलं की म्हणते, मी बंद केला होता. घरात एकटी असते. आम्हाला धास्ती वाटते हो. आणि आता हे गाण्याचं. सोमवारी आम्ही एक ठिकाण बघायला चाललोय, ज्येष्ठांची सगळी सोय आहे तिथे. मला एवढंच सांगा, की रेकॉर्ड अस्सल आहे ना? म्हणजे माझ्या मनात किंतू राहणार नाही."

"वृद्धाश्रम म्हण," भिंतीकडे बघतच आई म्हणाल्या. "माझे कान शाबूत आहेत."

तारीखबाईंनी भिंग लावलं. दोन्ही बाजूंचे नंबर पाहिले, पुठ्ठा चाचपला, कडा पाहिली. शंकेला जागाच नव्हती.

"अस्सल. पहिल्या खेपेची."

"पुढे कधी पुन्हा निघाली होती का?" डॉक्टरांनी विचारलं. माणूस काही वाईट नव्हता. आईला हरवायला आलेला नव्हता, उलट हरताना तिला एक शेवटची संधी द्यावी अशा बेतानं विचारत होता.

"निघाली होती की. चारपाच वर्षांनी, स्वस्तातली. कव्हर, लेबल सगळं जुनंच उरलेलं वापरलं. गाणी तीच, फरक काही नाही."

"फरक कसा नाही?" आई वळल्या. "मला बोलावलं तेच तेव्हा. आधीच्या गाणारीचं कंपनीशी वाजलं आणि ती सोडून गेली. रेकॉर्ड पुन्हा काढायची होती आणि तिचा आवाज त्यांना नको होता. ते एकच गाणं तिनं एकटीनं म्हटलेलं. मी दुपारी गेले, गायले, घरी आले. तुम्ही वाजवून बघितलीत का ती दुसरी?"

"वाजवायची गरज नसते."

"गाण्याची रेकॉर्ड आहे आणि म्हणे वाजवायची गरज नसते," आई मुलाकडे वळून म्हणाल्या, "आणि डोकं माझं फिरलंय."

पुढच्या दुकानात धाकट्या भावाला खोकला आला. तो खोकला नव्हता हे ताईला बरोबर कळलं.

"आई, ह्यांचं सगळं आयुष्य ह्यात गेलंय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "त्या सांगतायत ना, फरक नाही."

इतका वेळ प्रत्येक वाक्याला वाक्य परत करणारी बाई आता नुसती कोटाची बटणं लावू लागली आणि एक बटण चुकलं. डॉक्टरांनी ते नीट लावून दिलं. मग दोघं गेली.

तारीखबाईंनी पुढची पिशवी उघडली, पण काम काही पुढे सरकेना. ग्राहकांचं चिडणं, रडणं, भांडणं त्यांनी भरपूर पाहिलं होतं, ते त्या मनाला लावून घेत नसत. हे त्यांच्या मनाला लागलं. आपण सहज बोललेल्या एका वाक्यावर एका बाईचं घर सुटणार, आणि ते वाक्य खरंच असलं तर इलाज नाही. पण ते खरं आहे हे आपल्याला कशावरून ठाऊक, हा प्रश्न त्यांनी स्वतःला बहुधा पहिल्यांदाच विचारला.

ती स्वस्तातली खेप त्यांनी पूर्वी तपासली होती. तिचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. लोकांना नातेवाइकांचे वाढदिवस लक्षात राहतात, बाईंना नंबर राहायचे. पहिल्या बाजूवर जुनाच नंबर. दुसऱ्या बाजूवर जुना नंबर एका रेघेनं खोडलेला आणि शेजारी नवा कोरलेला. तेव्हा बाईंनी बेधडक सांगून टाकलं होतं, की साचा झिजला, म्हणून नवा केला. सगळ्या संग्राहकांनी ते मान्य केलं होतं, कारण बाई म्हणाल्या म्हणजे झालं.

पण रेकॉर्ड दाबताना दोन्ही बाजू एकदमच दाबल्या जातात. पहिल्या बाजूचा साचा जितक्या वेळा चालला, तितक्याच वेळा दुसऱ्या बाजूचा. मग एकीचाच कसा झिजला? झिजला असेलही, नाही असं नाही. पण साचा बदलायचं अजून एक कारण असतं, आणि ते कुठल्याही शेंबड्या पोरानं सांगितलं असतं: गाणं बदललं असेल. सुई ठेवली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. इतकी वर्षं भिंगातून बघत बसलेल्या बाईंना कानांची आठवणच झाली नव्हती.

त्या उठल्या आणि मधलं दार उघडून पुढे गेल्या. भाऊ दचकला.

"ती तपकिरी दाराची रेकॉर्ड. रीइश्यू. आपल्याकडे आहे का?"

"ताई, रीइश्यू आपण ठेवतो कधी? तूच ठेवू देत नाहीस."

मग फोनाफोनी सुरू झाली. ओळखीचे सगळे संग्राहक झाले. पहिल्या खेपेच्या प्रती तिघांकडे होत्या, आणि तिघांनीही त्यांचं कौतुक ऐकवलं. रीइश्यूचं नाव काढल्यावर एक जण हसला, एकानं बाईंची तब्येत विचारली, आणि एक तर चक्क रागावला, आपल्या घरात असलं काही असेल असं बाईंना वाटलंच कसं म्हणून. ज्या रेकॉर्डीत गाणं बदललं असण्याची शक्यता होती, नेमकी तीच कोणी जपली नव्हती. बाईंच्या शब्दामुळेच लोकांनी रीइश्यू टाकून दिल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी भावाला आठवलं. "एका जुन्या घरातून पेटी आली होती बघ. त्यात त्या दोन होत्या. तू म्हणालीस फेकून दे. मी घड्याळवाल्याला दिल्या."

घड्याळवाला म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणारा एक कारागीर. तो जुन्या रेकॉर्डींचं मधलं भोक मोठं करून, काटे बसवून भिंतीवरची घड्याळं बनवायचा. दुकानातला निरुपयोगी माल त्याच्याकडे जायचा. दोघं बहीणभाऊ त्याच्याकडे गेली. त्यानं दोन्ही रेकॉर्डी ओळखल्या. एक भोक मोठं करताना फुटली होती. दुसरीचं घड्याळ कोपऱ्यावरच्या लाँड्रीत लागलं होतं.

लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाच्या वर ते होतं. कडेला आकडे चिकटवलेले, मधे काटे, आणि काट्यांच्या मागे ओळखीचं लेबल. तारीखबाई स्टुलावर चढल्या आणि घड्याळ खाली उतरवून उलटं केलं. मागची छोटी डबी लेबलापुरतीच होती. तिच्या कडेला गुळगुळीत पट्ट्यावर खोडलेला नंबर होता, आणि शेजारी नवा. कपडे न्यायला आलेले दोघं जण तोंड उघडं टाकून ह्या बाईंकडे बघत राहिले.

"हे तुम्ही घेऊन गेलात तर मी वेळ कशात बघू?" लाँड्रीवालीनं विचारलं.

"संध्याकाळपर्यंत दुसरं आणून लावतो," भाऊ म्हणाला. "ह्यापेक्षा चांगलं. हे तर मागे पडतंय."

"ते मागे पडतं म्हणून तर गिऱ्हाइकाला थोडं थांबवता येतं," ती म्हणाली, पण तिनं घड्याळ दिलं.

दुकानात आल्यावर भावानं नट फिरवून काटे आणि डबी काढली. आकडे पहिल्या बाजूवर होते, दुसरी बाजू साफ होती. वाफेचा थोडा थर होता तो ओल्या फडक्यानं निघाला. मधलं भोक मात्र मोठं झालं होतं, त्यामुळे रेकॉर्ड जागेवर बसेना, इकडून तिकडे सरके. भावानं प्लेअरच्या खुंटीला चिकटपट्टीचे वेढे दिले, मग ती बऱ्यापैकी बसली. त्यानं सुई उचलली तसा बाईंनी त्याचा हात धरला.

"आत्ता नको. आपण ऐकून काय कळणार? आवाज कोणाचा ते ज्यांना कळेल त्यांना बोलावू."

डॉक्टर फोनवर आढेवेढे घेऊ लागले. "बाई, तिला पुन्हा आशा लावायची आणि पुन्हा दुसरंच काही निघायचं. मागच्या वेळी ती दोन दिवस जेवली नाही."

"निघेलही दुसरं," तारीखबाई म्हणाल्या. "मी शब्द देत नाही. पण मी तुम्हाला जे सांगितलं ते न ऐकता सांगितलं होतं. तेवढं तरी मला निस्तरू द्या."

शनिवारी दुपारी दवाखाना बंद करून ते आईला घेऊन आले. आईंनी आज ओठ रंगवले नव्हते. त्या खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरली. भाऊ सुईकडे हात नेणार तोच त्या म्हणाल्या, "थांब. मी आधी सांगते. नाहीतर म्हणाल, ऐकून सांगितलं."

भावानं हात मागे घेतला.

"दुसऱ्या कडव्यात मी चुकलेय. एक ओळ आधीच उचलली आणि अर्ध्या शब्दावर थांबले. ड्रमवाल्यानं एक ठोका जास्तीचा टाकून मला सांभाळून घेतलं, मग मी पुन्हा धरलं. मी म्हटलं, परत घेऊ. तर म्हणाले, स्टुडिओची वेळ संपली, स्वस्तातली रेकॉर्ड आहे, कोण एवढं ऐकतंय. मी तीन दिवस घरी रडले होते."

"हे तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस," डॉक्टर म्हणाले.

"चूक काय मुलांना सांगायची असते?"

भावानं सुई शेवटच्या गाण्यावर ठेवली. आधी नुसती खरखर. मग गिटार, आणि मग आवाज. भोक मोठं झाल्यामुळे सूर मधूनच हेलकावे खात होता, पण आवाज तरुण होता, भरदार होता, आणि लिलावातल्या रेकॉर्डवरचा तो नव्हता, हे डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पहिल्या ओळीलाच दिसलं. पहिलं कडवं संपलं. मधे पितळी वाद्यांचा तुकडा आला. तारीखबाईंनी डोळे मिटले होते. सवय नसल्यामुळे उघड्या डोळ्यांनी त्यांना ऐकताच येईना.

दुसरं कडवं सुरू झालं. आणि मधेच त्या आवाजानं एक शब्द उचलला, अर्ध्यावर सोडला. ड्रमचा एक ठोका, जास्तीचा, अगदी ठसठशीत. मग आवाज पुन्हा आला, आणि आता त्यात किंचित हसू होतं.

डॉक्टर आईच्या तोंडाकडे बघत होते. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावलेला माणूस, पण हे तोंड त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. आईंचे ओठ आवाज न करता हलत होते, त्या अर्ध्या शब्दावर थांबले होते आणि ठोक्यानंतर पुन्हा हलू लागले होते. डॉक्टरांना रडू आवरेना आणि त्यांनी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

गाणं संपलं. भावानं सुई उचलली.

"वरचा सूर चढलाय जरा," आई म्हणाल्या. "तेव्हाही मी म्हटलं होतं."

"मावशी, मी चुकले," तारीखबाई म्हणाल्या. "फरक नाही म्हणाले, आणि तोही तुमच्या मुलासमोर. मला माफ करा."

"तुम्ही शोधून आणलीत ना," आई म्हणाल्या. "तेवढं पुष्कळ झालं."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि आईच्या समोर बसले. "आई, सोमवारचं मी त्यांना नाही म्हणून कळवतो. तू तुझ्या घरीच राहा. आपण बघू काय करायचं ते."

आई मुलाकडे निरखून बघू लागल्या, तो खरं बोलतोय की समजूत काढतोय ते ताडत असल्यासारख्या. मग पर्सवरची त्यांची पकड सैल झाली.

"गॅस राहिला होता," त्या म्हणाल्या. "तू म्हणालास त्यापेक्षा जास्त वेळा."

"मग तू नाही नाही का म्हणत होतीस?"

"हो म्हटलं असतं तर गाणंही गेलं असतं. एक कबूल केलं की तुम्ही बाकीचं सगळंच खोडून टाकलं असतं. माझ्याकडे दुसरं होतं काय?"

डॉक्टरांनी आईचा हात हातात घेतला.

"आपोआप बंद होणारी शेगडी मिळते," भाऊ मधेच म्हणाला. तारीखबाईंनी त्याच्याकडे बघितलं, पण ह्या वेळी त्यांना त्याचं मधे बोलणं खटकलं नाही.

"मग आण की ती," आई मुलाला म्हणाल्या. "आणि सकाळच्या गोळ्या घेतल्या की नाही, ते मला दुपारी आठवत नाही. त्याचंही काहीतरी करावं लागेल."

"करू. अजून काय?"

आईंनी कोटाची बटणं सोडली, खुर्चीत नीट टेकून बसल्या आणि आपण काय काय विसरतो ते एकेक करून सांगू लागल्या.